निवळ पाण्यातला जिताडा: रबरी माशाचा रंग कसा निवडायचा?

अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे आपल्या उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके. तिन्हींच्या कडेला अजून खाडी आहे, खडक आहेत, कोळीवाडे आहेत. मनोरी, गोराई, मढ, एरंगळ, वर्सोवा या भागांत जाळ्याबरोबर गळही चालतो. गेल्या काही वर्षांत तरुण पोरांच्या हातात बांबूच्या काठीऐवजी रॉड-रीळ आलं आणि गळाला जिवंत कोळंबीऐवजी रबरी मासा लागायला लागला. दुकानात याला सॉफ्ट प्लास्टिक किंवा नुसतं ‘सॉफ्ट ल्युअर’ म्हणतात. तो मऊ असतो, शेपटी हलवतो आणि शिसं ओतलेल्या गळावर म्हणजे जिगहेडवर ओवायचा असतो.

घोळ होतो तो रंगावरून. मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं दहा-पंधरा रंगांची पाकिटं मागवतात आणि त्यातली निम्मी डब्यात पडून राहतात. कारण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकन बासचे असतात. तो बास गोड्या पाण्यातला मासा आहे आणि आपल्या खाडीत तो नाही. आपल्याकडचा बास म्हणजे जिताडा. इंग्रजीत त्यालाच आशियाई सी-बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणतात. तिथल्या तळ्याचा रंगांचा तक्ता इथल्या खाडीत जसाच्या तसा चालत नाही. बाजारात जिताड्याला काय भाव मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पाकिटाचे पैसे आणि हुकलेली भरती या दोन्हींचा हिशोब करूनच रंग निवडलेला बरा.

आपल्याकडे ‘निवळ’ म्हणजे किती?

मुंबईचं पाणी लक्षद्वीपसारखं कधीच होत नाही. पावसाळ्यात तर ते चहासारखं असतं. ऑक्टोबरनंतर नद्या-नाल्यांचं गढूळ पाणी कमी होतं, वारा पडतो आणि थंडीत खाडीच्या तोंडाला, खडकांच्या आडोशाला पाणी निवळायला लागतं.

त्यातही दिवस बघावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, पाणी जोरात धावतं आणि तळाचा चिखल उठवतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी सावकाश चढतं-उतरतं, गाळ खाली बसतो आणि पाणी स्वच्छ होतं. जुन्या कोळ्यांना हे सांगायची गरज नाही, पण रॉड घेऊन नव्याने येणारा माणूस तिथी न बघताच येतो. निवळ पाण्याचे रंग वापरायचे असतील तर भांगाचे दिवस धरा. भरती पूर्ण होत आल्यावर पाणी थांबतं, ती वेळ सगळ्यात स्वच्छ.

पाणी किती निवळ आहे ते मोजायची सोपी रीत आहे. पांढरा ल्युअर तंगुसाला बांधून धक्क्यावरून सरळ खाली सोडा. तो दिसेनासा झाला की पाण्याच्या पातळीला तंगूस चिमटीत धरा, वर काढा आणि हाताने मोजा. फुटाच्या आत गेला तर पाणी गढूळ, तीन फुटांपर्यंत मध्यम, तीन फुटांच्या पुढेही दिसत राहिला तर आपल्या हिशोबाने निवळ. हीच युक्ती इटलीतले शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून केली होती. आजही जगभर पाण्याचा स्वच्छपणा तसाच मोजतात.

पाण्यात गेल्यावर रंगाचं काय होतं

हातात जो रंग दिसतो तोच माशाला दिसतो असं नाही. पाणी उजेड गिळतं आणि सगळे रंग सारखे गिळत नाही. स्वच्छ, खोल समुद्रात तांबडा सगळ्यात आधी जातो. पाच मीटरवर तो बराचसा मेलेला असतो, दहा मीटरवर लाल वस्तू काळपट दिसते. निळा सगळ्यात खोल पोचतो.

खाडीत उलटं असतं. पाण्यात कुजलेला पाला, शेवाळ आणि गाळ असतो. हे सगळं निळा उजेड आधी खातं. म्हणून आपल्या खाडीत खाली पोचतो तो हिरवट-पिवळा उजेड. खाडीचं पाणी लांबून हिरवट दिसतं ते उगाच नाही. त्यामुळे निळा ल्युअर खाडीत खाली गेला की काळपट ठिपका होतो. जो तक्ता ‘स्वच्छ पाण्यात निळा वापरा’ म्हणतो तो खोल निळ्या समुद्राचा तक्ता आहे. आपण तर एक-दोन मीटर पाण्यात गळ टाकतो. एवढ्या पाण्यात तांबडा मरत नाही, थोडा तपकिरी होतो इतकंच.

दुसरी गोष्ट, मासा खालून वर बघतो की बाजूने बघतो? जिताडा बऱ्याचदा खडकाच्या किंवा तिवराच्या मुळांच्या सावलीत थांबून वरून जाणाऱ्यावर झेपावतो. खालून बघताना त्याच्यासमोर उजळ आभाळ असतं आणि त्यावर ल्युअरची नुसती सावली. अशा वेळी रंगापेक्षा आकार आणि शेपटीची हालचाल दिसते. बाजूने बघताना मात्र रंग दिसतो, आणि निवळ पाण्यात तो चांगलाच दिसतो.

माशाला रंग कळतो का?

कळतो, पण आपल्याइतका नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या लार्जमाउथ बासवर काम केलं आणि ते २०१९ मध्ये छापून आलं. त्या बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या निघाल्या, एक हिरव्याला आणि एक तांबड्याला जागणारी. तांबडा आणि हिरवा त्याला चांगले ओळखता आले. पण झगझगीत पोपटी आणि पांढरा यांत त्याची गल्लत झाली, तशीच काळा आणि गडद निळा यांतही. म्हणजे दुकानात ज्या दोन रंगांचे आपण वेगवेगळे पैसे देतो ते त्या माशाला एकच असू शकतात.

जिताडा हा वेगळा मासा आहे, म्हणून हा निष्कर्ष त्याला सरळ चिकटवता येणार नाही. पण पंधरा रंग घेण्याआधी विचार करायला एवढं पुरेसं आहे. जिताड्याबद्दल एक पक्कं सांगता येतं, तो अंधुक उजेडात चांगलं बघतो. रात्री टॉर्च मारला तर त्याचा डोळा निखाऱ्यासारखा चमकतो. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री तो शिकारीला निघतो.

मग रंग कोणता?

आधी हे बघा की तिथला जिताडा खातो काय. आपल्या खाडीत तो बोय, कोळंबी, निवट्या आणि लहानसहान मासळी खातो. निवळ पाण्यात त्याला नीट बघायला वेळ मिळतो, म्हणून ल्युअर या खाण्यासारखा दिसला पाहिजे. गढूळ पाण्यात उलट, ल्युअर नुसता दिसला तरी पुरे, म्हणून तिथे झगझगीत पोपटी आणि पांढराशुभ्र चालतात. तेच रंग निवळ पाण्यात भडक वाटतात. मासा मागे येतो, बघतो आणि वळतो. मागे येऊन वळणारा जिताडा दिसला की समजा, रंग किंवा आकार बदलायची वेळ झाली.

बोयीचं अंग नीट बघा. पाठ राखाडी-हिरवट, बाजू चंदेरी, पोट पांढरं. जवळजवळ सगळ्या उघड्या पाण्यातल्या माशांची ठेवण अशीच असते. वरून बघणाऱ्या पक्ष्याला गडद पाठ पाण्यात मिसळलेली दिसते आणि खालून बघणाऱ्या माशाला पांढरं पोट आभाळात मिसळलेलं. म्हणून दोन रंगी ल्युअर, पाठ गडद आणि पोट फिकं, हा निवळ पाण्याचा पहिला पर्याय. एकच पाकीट घ्यायचं असेल तर हेच घ्या.

दुसरा, अर्धपारदर्शक धुरकट रंग. यात बारीक चंदेरी चुरा असतो आणि उन्हात तो खवल्यांसारखा लुकलुकतो. दुपारच्या कडक उन्हात, पाणी अगदी निवळलेलं असताना याच्याइतकं काही चालत नाही. चुरा बारीक हवा. मोठ्या टिकल्यांचा ल्युअर लग्नाच्या वरातीसारखा दिसतो, तो गढुळासाठी ठेवा.

तिसरा, कोळंबीचा रंग. जिवंत कोळंबी लाल नसते, हे शहरातल्या दुकानदाराला कोणीतरी सांगायला हवं. लाल होते ती शिजल्यावर. पाण्यातली कोळंबी काचेसारखी, हलकी तपकिरी-हिरवट असते. तळाला चिखल असेल तर हा ल्युअर तळाजवळून हळू उड्या मारत आणा. निवट्याच्या जागी, म्हणजे तिवरांच्या कडेला, जरा गडद तपकिरी किंवा शेवाळी घ्या.

चौथा गडद, म्हणजे काळा, जांभळा किंवा गर्द तपकिरी. पाणी निवळ आहे पण उजेड नाही अशा वेळी हा लागतो. सूर्य उगवायच्या आधी, बुडाल्यावर, किंवा धक्क्यावरच्या दिव्याच्या उजेडात. तेव्हा फिका ल्युअर पाण्यात हरवतो आणि गडद ल्युअरची आकृती आभाळावर ठळक उमटते. काळा आणि जांभळा दोन्ही घ्यायची गरज नाही.

ढगाळ दिवशी मोतिया पांढरा चांगला. बास, एवढंच. चार-पाच पाकिटांत सगळा हंगाम निघतो.

विकत घ्यायच्या आधी किंवा निदान गळाला लावायच्या आधी एक तपासणी करा. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत खाडीचंच पाणी भरा, ल्युअर आत टाका. एकदा बाटली आभाळाकडे धरून बघा, एकदा चिखलाकडे. शेजारी जाळ्यात आलेली एखादी बोय असेल तर ती लावून बघा. हातात सुंदर दिसणारे कितीतरी रंग बाटलीत मातीसारखे होतात, आणि फालतू वाटणारा धुरकट एकदम जिवंत दिसतो.

जागेनुसारही फरक पडतो. समुद्राकडचा जिताडा चंदेरी असतो, गोड्या पाण्यात किंवा तळ्यात राहिलेला काळपट-तांबूस. त्याच्या भोवतालची बारीक मासळीही तशीच रंग बदलते. रायगडच्या खारेपाटात, अलिबाग-पेणकडे तळ्यांत जिताडा पाळतात. तिथे ओळखीने गळ टाकायला मिळाला तर चंदेरीपेक्षा शेवाळी-तपकिरी आधी लावा.

रंगाआधी दोन गोष्टी

निवळ पाण्यात मासा रंगाआधी तंगूस बघतो. जाड रंगीत दोरी थेट ल्युअरला बांधली तर कोणताही रंग वाया जातो. पुढे हातभर फ्लुरोकार्बन बांधा, तो पाण्यात कमी दिसतो. मात्र फार बारीकही नको. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं धारदार असतात, बारीक तंगूस तो सुरीसारखा कापतो. मासा काढताना कल्ल्यात बोटं घालू नका, त्याच कारणाने.

आणि आकार. पाणी निवळलं की ल्युअर एक नंबर लहान करा. तीन ते चार इंच पुरे.

कुठे जायचं, कुठे नाही

मनोरी-गोराईची खाडी आणि मढ-एरंगळचे खडक पश्चिमेला सोयीचे. मालाड-वर्सोव्याच्या खाडीत सांडपाणी येतं, तिथला मासा खाण्यासाठी घेताना विचार करा. मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या बाजूला ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. तिवरं तोडून वाट करणं हा तर सगळीकडेच गुन्हा आहे. पवई तलावात जिताडा नाही आणि मगरी आहेत. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथे गळ घेऊन जायचंच नाही.

मोठा जिताडा म्हणजे मादी

जिताडा जन्मतो तो नर म्हणून वाढतो. काही वर्षांनी, साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढे, तोच मासा मादी होतो. म्हणजे फोटोसाठी हातात धरलेला अडीच-तीन फुटी जिताडा बहुतेक वेळा मादी असतो, आणि पावसाळ्याच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी अंडी घालणारी तीच. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बीज हॅचरीत तयार करून दाखवलं, त्यामुळे शेतीसाठी बीज मिळू लागलं. खाडीला मात्र बीज कोणी आणून देत नाही. दोन-तीन किलोचा घरी न्या, मोठी मादी पाण्यात धरून ठेवा, दम आला की ती स्वतःच जाईल.

ल्युअर सांभाळायचे कसे

हे बहुतेक मऊ पीव्हीसीचे असतात. गडद आणि पांढरा एकाच पिशवीत ठेवले तर पंधरा दिवसांत पांढरा जांभळा होतो, रंग एकमेकांत उतरतो. रंगवार वेगळ्या पिशव्या ठेवा. ‘खूप ताणणारे’ म्हणून जे वेगळ्या जातीचे ल्युअर विकतात ते यांच्यासोबत ठेवले तर दोन्ही वितळून चिकट गोळा होतो. कडक प्लास्टिकच्या डब्यातही मूळ पिशवीसकटच ठेवा, आणि उन्हात गाडीच्या डिकीत तर नकोच. शेपटी तुटलेला ल्युअर खाडीत फेकू नका. मासा तो गिळतो, पण तो पचत नाही, पोटात तसाच राहतो. तुटके खिशात घालून घरी आणा. तापवलेल्या सुरीने दोन तुकडे जोडले तर आणखी चार भरत्या निघतात, फक्त त्याचा धूर नाकात जाऊ देऊ नका, काम उघड्यावर करा.