हृद्‌प्रतिध्वनिलेखन
श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या प्रतिध्वनींवरून हृदयाची रचना व हालचाल नोंदण्याची पद्धती. १९५० च्या सुमारास द्विदली झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी निदानासाठी क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयात नलिका सरकवीत. तरीही झडप अरुंद आहे की गळकी, हे निश्चित कळतेच असे नाही. लुंड (स्वीडन) येथील वैद्य इंगे एडलर व भौतिकीविज्ञ कार्ल हेल्मुट हेर्ट्‌स यांनी धातूंतील दोष शोधण्याचे उपकरण वापरून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालींची पहिली नोंद मिळविली. १९७७ मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक लाभले. या पद्धतीत आयनीकारक प्रारण नसल्याने गर्भवती स्त्रिया व बालके यांचीही पुनःपुन्हा तपासणी करता येते. मात्र हृद्‌रोहिण्यांचा अरुंदपणा तीत सहसा थेट दिसत नाही. श्रमानंतर हृद्‌भित्तीच्या हालचालीत पडणाऱ्या फरकावरून तो अनुमानावा लागतो. त्यामुळे क्ष-किरण तपासणी सर्वस्वी टळलेली नाही.