नाताळच्या पुडिंगाचे गोत्र

इंग्लंडात नाताळच्या भोजनाच्या अखेरीस जो काळसर, जड, मनुकांनी गच्च भरलेला आणि ब्रँडीच्या निळसर ज्वाळेने वेढलेला गोळा मेजावर येतो, आणि ज्याच्या दर्शनाने त्या देशातील कुटुंबवत्सल माणसाचे बालपण जागे होते, तो आपल्याच मातीत उपजला अशी तेथील लोकांची निष्ठा आहे. परंतु त्याच्या जिन्नसांची एकेक करून चौकशी करू लागले, म्हणजे पावाचा चुरा, पीठ, अंडी, सफरचंद आणि चरबी एवढेच काय ते स्थानिक ठरते, आणि उरलेला सारा ऐवज गलबतांतून, दूरच्या बंदरांतून आणि पुष्कळदा परक्यांच्या सक्तीच्या श्रमांतून आलेला आहे असे उघड होते. या चौकशीतला एक धागा आमच्या नाशकात, शहराच्या ऐन वस्तीत आज सामावून गेलेल्या शरणपुरापर्यंत येऊन पोचतो, आणि मुख्यतः त्या धाग्यासाठीच ही कुळकथा लिहावीशी वाटली.

मध्ययुगीन इंग्लंडात या पदार्थाचा जो पूर्वज होता तो घट्ट नव्हता आणि नुसता गोडही नव्हता. कांडलेला गहू दुधात शिजवून केलेली, आपल्या खपली गव्हाच्या खिरीशी सहज नाते सांगणारी एक पेज तेथे सणासुदीला होई. तिच्याच जोडीने गोमांसाच्या रश्श्यात पावाचा चुरा, मनुका, मसाले आणि द्राक्षासव घालून आटवलेले एक दाट कालवण भोजनाच्या आरंभी वाढले जाई. मांस, साखर आणि मसाला ही तिन्ही एका भांड्यात नांदवण्यात त्या काळच्या मुदपाकखान्याला काही विपरीत वाटत नसे. कोरिंथ, झांटे आणि मालागा या मुलखांतली सुकी द्राक्षे महाग असत, आणि महाग वस्तू वर्षातून एकदा, सर्वांच्या देखत शिजवावी हा तर सगळ्याच समाजांचा रिवाज आहे.

या पातळ पदार्थाला आकार दिला तो एका साध्या फडक्याने. त्यापूर्वी पुडिंग शिजे ते जनावराच्या स्वच्छ केलेल्या आतड्यात, म्हणजे पशुवध झाला तरच. सतराव्या शतकात कापडात बांधून उकळण्याची पद्धत रूढ झाली आणि पुडिंग खाटकाच्या तंत्रातून सुटले. कापड गरम पाण्यात बुडवायचे, पिळायचे, त्यावर पीठ भुरभुरायचे, मध्ये मिश्रणाचा गोळा ठेवून चारी टोके घट्ट बांधायची आणि सबंध बोचके उकळत्या पाण्यात सोडायचे. कापडावरच्या पिठाचा उकळीसरशी लगदा होऊन आत पाणी शिरू न देणारे कवच तयार होते. माझ्या मते या पदार्थाच्या इतिहासातला खरा शोध हाच, आणि तो लावणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्याही दप्तरात नाही.

१६४७ मध्ये प्युरिटन पक्षाच्या पार्लमेंटाने नाताळचा सणच रद्द केला, १६६० मध्ये राजसत्तेबरोबर तो परत आला, आणि पहिल्या जॉर्ज राजाने १७१४ च्या नाताळात खास फर्मान काढून पुडिंगाला दरबारी मान दिला अशी कथा पुढे पसरली. त्या काळच्या कागदपत्रांत या फर्मानाला आधार नाही, आणि तेरा जिन्नस म्हणजे ख्रिस्त व त्याचे बारा शिष्य, ही सांगडही मागाहून घातलेली आहे. याहून भरवशाचा संबंध प्रार्थनेशी आहे. आगमनकाळाच्या आदल्या रविवारी अँग्लिकन चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचा आरंभ, हे प्रभो, आमची मने ढवळून जागी कर, अशा आशयाचा आहे. तो ऐकून घरी परतलेल्या बायका पुडिंगाचे मिश्रण ढवळायला घेत, घरातले प्रत्येक माणूस मनात एक इच्छा धरून एकेक वेढा देई, आणि अशा रीतीने उपासनेचे पंचांग आणि स्वयंपाकघराचे पंचांग एक झाले. डिकन्सने १८४३ मध्ये आपल्या नाताळकथेत गरीब क्रॅचिट कुटुंबाचे पुडिंग कपडे उकळण्याच्या हंड्यात शिजवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, एलायझा ॲक्टन या विदुषीने आपल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात त्याला प्रथमच 'नाताळचे पुडिंग' या नावाने छापले. त्याच शतकात चिनी मातीची भांडी स्वस्त होत गेली तसतसे फडके मागे पडून मातीच्या वाडग्यात, वाफेवर शिजवण्याची वहिवाट पडली, आणि तोफेच्या गोळ्यासारखे वाटोळे पुडिंग घुमटाकार झाले.

आता जिन्नसांकडे वळतो. १९२६ साली ब्रिटिश सरकारने साम्राज्यातील मालाच्या विक्रीस उत्तेजन देण्यासाठी एक मंडळ स्थापन केले, आणि पुढच्याच वर्षी, १९२७ च्या नाताळासाठी, पाचव्या जॉर्ज राजाच्या सेदार नावाच्या मुख्य आचाऱ्याने सिद्ध केलेली पुडिंगाची कृती त्या मंडळाने मोठ्या प्रमाणावर छापून वाटली. तिच्यात प्रत्येक जिन्नसापुढे त्याच्या मुलखाचे नाव आहे. बारीक मनुका ऑस्ट्रेलियाच्या, मोठ्या मनुका दक्षिण आफ्रिकेच्या, सफरचंद कॅनडाचे, दालचिनी सिलोनची, जायफळ मलायाच्या सामुद्रधुनीकडचे, रम जमैकाची, ब्रँडी सायप्रसची, लवंग झांझिबारची. आणि ज्या देशाला साम्राज्याच्या मुकुटातील रत्न म्हणून गौरवले जाई त्या हिंदुस्थानच्या वाट्याला आला तो चहाचा एक चमचा मिश्र मसाला. याच सुमारास, १९२५ मध्ये, नाशिक जिल्ह्यात ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग उभी करून या जिल्ह्याच्या भवितव्याला नवी दिशा दिली होती. पण त्या छापील कागदावर हिंदुस्थानची मनुका बसण्याचा योग नव्हता.

त्या यादीतल्या लवंगेपाशी मला थांबावेच लागते. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानांच्या अमलाखाली झांझिबार आणि पेंबा या बेटांवर लवंगांच्या बागा पसरल्या, आणि त्या बागा गुलामांच्या श्रमांवर चालत. न्यासा सरोवराच्या परिसरातून पकडून आणलेली माणसे, पुष्कळदा अजाण मुले, झांझिबारच्या पेठेत विकली जात. काही तिथल्या बागांत राबत, तर काहींना गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे धाडले जाई. ब्रिटिश आरमाराने समुद्रात अडवलेल्या गलबतांतली जी मुले मुंबई बंदरात उतरवली गेली, त्यांपैकी अनेकांना नाशकास पाठवण्यात आले. चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य नाशकात १८३२ पासून चालू होते; शतकाच्या मध्यास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने शहराबाहेर ख्रिस्ती लोकांची जी वसाहत वसली तिचे नाव शरणपूर, आणि तेथेच या आफ्रिकी मुलांचा आश्रम होता. सुतारकाम, लोहारकाम, शिवण, लेखन-वाचन यांचे शिक्षण त्यांना तेथे मिळे. सह्याद्रीच्या या पठारावर, गोदावरीच्या काठी, पूर्व आफ्रिकेतील मुले मोठी झाली हे आज शरणपूर रस्त्याने नित्य जाणाऱ्या किती नाशिककरांना ठाऊक असेल?

आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबई इलाख्यात आला असता त्याने आपल्या अखेरच्या प्रवासासाठी शरणपूरचे नऊ तरुण बरोबर घेतले. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी माणसे रवाना झाली त्यांत जेकब वेनराइट हा याच आश्रमात शिकलेला युवक होता. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनने प्राण सोडला, तेव्हा त्याचे हृदय तेथील वृक्षाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना म्हटली ती वेनराइटने, आणि त्या वृक्षाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. लिव्हिंग्स्टनचे सेवक चुमा, सुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशकास शिकलेला हा आफ्रिकी तरुण उभा होता. १८७३ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला, आणि १८७५ मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासानजीक मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसवले, तेव्हा शरणपूरच्या पुष्कळ मंडळींनी आफ्रिकेची वाट धरली. पुडिंगातली लवंग ज्या समुद्राने लंडनला गेली त्याच समुद्रातून ही मुले आमच्याकडे आली. म्हणून या पदार्थाच्या कुळकथेत नाशिकाचे नाव घातले नाही तर ती अपुरी राहते, असे माझे निश्चित मत आहे.

पुडिंग या जिल्ह्यात आले ते मात्र निराळ्या दाराने. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाली, आणि देवळालीच्या छावणीत, मुंबईस उतरलेल्या व मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या पलटणींचा मुक्काम पडू लागला. पलटणींची ने-आण होई ती हिवाळ्यात, म्हणजे जहाजाची वाट पाहणाऱ्या शिपायाचा नाताळ अनेकदा देवळालीतच जाई. बंगल्यांतून आणि बराकींतून हा पदार्थ रांधणारे खानसामे एतद्देशीय होते, पण त्यांच्या हातून तो नाशिकच्या घरांत शिरला नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी नाताळासाठी करंज्या, चकल्या, शेव, लाडू, अनारसे हाच सरंजाम राखला आणि शेजारी केकाला तेवढी जागा दिली. ज्या परंपरेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून सांगितली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसारखी विलक्षण स्त्री आयुष्याच्या अखेरीपर्यंत याच नाशकात वास करून होती, त्या परंपरेने फराळाचे ताट सोडण्याचे काही कारणच नव्हते. मला त्यात मोठे शहाणपण दिसते. तरीही करंजीच्या शेजारी पुडिंगाची एक फोड असावी एवढा माझा हट्ट आहे, आणि तो नाशकात पुरवणे आज फारसे अवघड उरलेले नाही.

पिंपळगाव बसवंतचा किंवा तासगावचा हिरवट-पिवळा बेदाणा दीडशे ग्रॅम, काळ्या मनुका तेवढ्याच, सुके अंजीर व बिया काढलेला खजूर मिळून शंभर ग्रॅम, पाकात मुरवलेली संत्र्याची साल मूठभर, एक किसलेले सफरचंद. हे सारे बारीक चिरून तीन ते चार मोठे चमचे रममध्ये रात्रभर झाकून ठेवावे. रम तरी परकी कोठे आहे? उसाच्या मळीपासून ती निघते, आणि मळीचा महाराष्ट्रात तोटा नाही. दुसऱ्या दिवशी त्यात शंभर ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा, साठ ग्रॅम मैदा, सव्वाशे ग्रॅम किसलेला गूळ, दोन अंडी, चिमूटभर मीठ आणि दालचिनी, जायफळ व लवंग यांची दीड चमचा पूड मिसळावी; लवंग फार थोडी, कारण ती इतर सर्व गंधांवर कुरघोडी करते.

खरा प्रश्न चरबीचा. मूळ कृतीत गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी असते, जी सुमारे ४५ अंशांच्या पुढेच वितळते. तोवर भोवतीचे पीठ धरू लागलेले असते, आणि वितळलेल्या कणांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहून पुडिंग जड असूनही गच्च होत नाही. आपल्या घरात ती चरबी येणे नाही. पातळ तूप घातले तर ते पिठात जिरून गोळा तेलकट होतो, म्हणून शंभर ग्रॅम तूप चांगले रवाळ, थंडीने आळलेले असावे आणि ते अखेरीस, फेसता न घालता, बोटांनी कणाकणाने मिसळावे. निफाडचा पारा उतरून द्राक्षबागाईतदारांच्या पोटात गोळा उठतो त्याच दिवसांत तूप असे आळते.

वाडग्याला तुपाचा हात लावून मिश्रण भरावे, वर बोटभर जागा सोडावी, तूप लावलेल्या कागदाला मध्ये एक चुणी घालून तो तोंडावर बसवावा व वरून कापड बांधावे. फुगणाऱ्या पुडिंगाला ती चुणी वाव देते, नाही तर कागद फाटून वाफेचे पाणी आत उतरते. दोऱ्याचीच एक कडी करून ठेवावी, म्हणजे तापलेला वाडगा उचलता येतो. तांबट आळीतले जाड बुडाचे, कल्हई केलेले पितळी पातेले या कामाला मला सर्वांत पसंत; तळाशी ताटली पालथी घालून तीवर वाडगा ठेवावा आणि पाणी त्याच्या निम्म्यापर्यंत असावे. मोदकपात्राच्या पाण्यात नाणे टाकून ठेवण्याची आपल्या गृहिणींची जुनी युक्ती येथे फार उपयोगी पडते: नाणे वाजते आहे तोवर उकळी चालू आहे, आवाज थांबला की पाणी सरत आले. भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच. असे सहा तास जावे लागतात. पहिल्या दोन तासांत पुडिंग शिजते, आणि पुढच्या चार तासांत गूळ, अंडे व पीठ यांच्या संयोगाने तो गडद, जवळजवळ काळा रंग आणि मनुकांच्या गोडीमागची किंचित कडवट खोली येते, जी लवकर उतरवलेल्या पुडिंगाला कधीही येत नाही.

निवाल्यावर कागद बदलून, कोरड्या गार जागी ते तीन-चार आठवडे ठेवावे; साखर आणि मद्य त्याचे रक्षण करतात, आणि नाशिकची कोरडी थंडीही. अधूनमधून काडीने भोके पाडून चमचाभर रम सोडावी. नाताळच्या सकाळी पुन्हा दोन तास वाफवून, सुरीने कडा सोडवून ते ताटात उपडे करावे, वर ब्रँडी ओतून ज्योत लावावी आणि ती विझताच पातळ फोडी पाडाव्यात, कारण जाड फोड जेवणानंतर जात नाही. शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे जातात त्यांत प्रत्येकी एक फोड करंजीला लागू न देता, वाटीत वेगळी ठेवून द्यावी. ओलावा लागलेली करंजी लगेच मऊ पडते.