पुसदचें गवत

सार्वजनिक जमीन म्हणजे नेमकी कोणाची जमीन, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं यूटा राज्यांतील ‘बेअर्स इअर्स’ या संरक्षित प्रदेशाचें क्षेत्र पुष्कळच कमी केलें. तेव्हां पॅटागोनिया नांवाची, रानावनांत हिंडणाऱ्यांसाठीं कपडे करणारी एक कंपनी उघड विरोधास उभी राहिली व न्यायालयांतहि गेली. रान राहिलें तर गिऱ्हाईक राहील, हा हिशेब त्यांत नव्हता असें नाहीं. पण जनतेच्या जमिनीचा पक्ष तिनें घेतला खरा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतहि असा पक्ष पूर्वीं घेतला गेला आहे. मात्र तेथें वादी कंपनी नव्हती, आणि वादाचा विषय सहल नसून गवत हा होता.

इंग्रजी अमलांत वऱ्हाडांतील जंगलें राखीव झालीं. जेथें गांवचीं गुरें पिढ्यान् पिढ्या चरत, जेथून सरपण व मोहफुलें येत, तेथें परवाना व शुल्क आलें. परवान्यावांचून शिरलेलें जनावर कोंडवाड्यांत जाई, आणि तें सोडविण्यास कुणब्याला दंड भरावा लागे.

१९३० सालीं महात्माजींनीं दांडीस मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नाहीं. अकोला जिल्ह्यांत दहीहंड्यास खाऱ्या पाण्यापासून मीठ करण्यांत आलें खरें. पण येथील शेतकऱ्याला रोज बोंचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. हें मर्म लोकनायक बापूजी अणे यांनीं ओळखलें. वणीस १८८० सालीं जन्मलेले अणे स्वतः वकील होते; आपण कोणता कायदा मोडीत आहों हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळ राखीव जंगलांतील गवत कापून त्यांनीं कायदेभंग केला व तुरुंगवास पत्करला. त्याच महिन्याच्या २१ तारखेस यवतमाळजवळ लोहारा येथें डॉ. हेडगेवार यांनींहि सत्याग्रह केला; त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पुढें बिळाशी, चिरनेर अशा दूरदूरच्या गांवींहि जंगल सत्याग्रह झाले.

शाळेंत हा धडा शिकवितांना मुलें मला विचारीत, “गुरुजी, गवत कापणें ही चोरी कशी?” कारण त्या खटल्यांत चोरीचें कलम लावलें जाई. मी म्हणत असें, “मालक कोण हें ठरल्यावांचून चोर कोण हें ठरत नाहीं.”

स्वराज्य आलें, पण १९२७ चा वनकायदा राहिला. वनांत राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ सालीं झाला. मध्यंतरीं १९९७ सालीं पांढरकवड्याजवळील टिपेश्वर हें अभयारण्य झालें, आणि शहरांतील कुटुंबें वाघ पाहण्यास येऊं लागलीं. हाहि जनतेचाच हक्क आहे. पण २०१८ सालीं याच भागांत तेरा माणसांच्या मृत्यूंशीं जिचें नांव जोडलें गेलें होतें ती ‘अवनी’ वाघीण नोव्हेंबरांत गोळी घालून मारली गेली, तेव्हां शहरांत शोक झाला व भोंवतालच्या गांवांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही भावना खऱ्या होत्या. मात्र शहराचा आवाज दूरवर पोंचला. गुरांमागें रानांत जाणाऱ्याचा तितका पोंचला नाहीं.

अमेरिकेंतील त्या कंपनीजवळ पैसा होता, वकील होते. पुसदच्या शेतकऱ्याजवळ विळा होता, आणि त्याच्या बाजूनें बोलण्यास एक वकील स्वतः आरोपी झाला. आपण जंगल पाहण्यास अवश्य जावें. परंतु फाटकाशीं प्रवेशशुल्क देतांना, याच जिल्ह्यांत एका पेंढीसाठीं माणसें तुरुंगांत गेलीं होतीं याचें स्मरण ठेवावें. ‘जनता’ या शब्दांत त्यांचीं नातवंडेंहि येतात.