बीटलच्या सीटमधला काथ्या

जुन्या फोक्सवॅगन बीटलची सीट उसवली की आत फोम नाही, काथ्या निघतो. स्प्रिंगांवर रबराने घट्ट केलेला नारळाचा काथ्या, तोही नारळ न उगवणाऱ्या जर्मनीत! पॉलियुरेथेन ओटो बायर यांच्या चमूने लेव्हरकुझेनला १९३७ मध्येच शोधलं होतं. पण त्याचा मऊ फोम बाजारात यायला पन्नासचं दशक उजाडलं.

काथ्या म्हातारा झाला की भुगा होऊन खाली सांडतो, स्प्रिंगा टोचतात. नुसता फोम कोंबणं स्वस्त पडतं, पण स्प्रिंगा त्यालाही कुरतडतात. मी तरी काथ्याच घालीन, मध्ये गोणपाट देऊन. मागच्या सीटखाली मात्र बॅटरी असते. तिचं झाकण आधी बसवा. खचलेली स्प्रिंग टर्मिनलला टेकली, तर सीट पेटते.