तगरचं कापड आणि इटलीची तांबडी वाईन

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, त्यांची समाधी आठवते. त्या गावाच्या व्याख्यानात वाईन कुठून आली? ती आली एका ग्रीक खलाशाच्या टिपणातून. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला कळली ती कशावरून, हे विचारायची खोड आहे. आज तोच प्रश्न या वाईनला विचारायचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यात, इजिप्तमधून भारताकडे ये-जा करणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक लिहिलं. कोणत्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, याची ती वही. त्यात तो म्हणतो, की बारिगाझा म्हणजे आपलं भरूच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून अकीक आणि तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर भरूचला येते. हे तगर कुठलं? जुन्नर, देवगिरी अशी बरीच नावं सुचवली गेली. 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरणाकाठचं तेर असल्याचं मांडलं, आणि आज ते सर्वमान्य आहे.

आता वाईन. भरूचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तिचं नाव आहे. इटलीची आधी, कारण तिला जास्त मागणी. मग लाओडिकेआची आणि अरबस्तानची. शिवाय राजासाठी वेगळी उंची वाईन, चांदीची भांडी, गाणारी मुलं. म्हणजे गिऱ्हाईक कोण होतं हेही त्या वहीत लिहिलेलं आहे.

ही इटलीची वाईन बहुतेक दोन मुठींच्या उंच मातीच्या रांजणांतून यायची. त्याला अँफोरा म्हणतात. नेहमीच्या आकारात साधारण सव्वीस लिटर मावायचे. आत राळेचा लेप. रंग कोणता? त्याच शतकातला प्लिनी वाईनचे चार रंग देतो: पांढरा, पिवळसर, रक्तासारखा आणि काळा. आज आपण जिला 'रेड' म्हणतो ती यातल्या शेवटच्या दोनांत बसेल.

वाईन तर दोन हजार वर्षांपूर्वीच संपली. मग द्राक्षं कुठली होती हे कसं कळतं? मातीवरून. नेपल्सच्या आसपासच्या कँपानिया प्रांतात व्हेसुव्हियस ज्वालामुखी आहे. तिथल्या कुंभारांच्या मातीत काळी ज्वालामुखी रेती मिसळलेली असते, आणि खापराचा तुकडा भिंगाखाली धरला की ती चमकते. द्राक्षवेल आणि कुंभार एकाच मुलखातले, म्हणून मडकं वेलीची साक्ष देतं. गोरोबाकाकांच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. सन 79 मध्ये तोच ज्वालामुखी फुटला, पाँपेई गाडलं गेलं आणि भोवतालचे द्राक्षमळेही.

त्याच पाँपेईत 1938 साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती आपल्या तेरला मिळालेली आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून तिथं जे शासकीय संग्रहालय उभं राहिलं, ते जरूर बघा.

इथे मन लगेच म्हणतं, 'म्हणजे तेरची माणसं रोमन वाईन प्यायची!' जरा थांबा. आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणं वेगळी ठेवतात. वाईन भरूचला उतरली, हे शब्दप्रमाण. तगरचं कापड भरूचला गेलं, हेही शब्दप्रमाण. परतीच्या गाड्यांत वाईन होती, हे आपलं अनुमान. ते शक्य आहे, पण वहीत तसं वाक्य नाही. प्रत्यक्षातही खाचा आहेत. भारतात अँफोरा म्हणून नोंदलेले बरेच तुकडे मुळात मेसोपोटेमियाच्या निमुळत्या 'टॉर्पेडो' रांजणांचे आहेत, हे रोबर्टा टॉम्बर या विदुषीनं गेल्या पंचवीस वर्षांत दाखवून दिलं. मडकं परदेशी, पण रोमन नव्हे.

मग तेरचा अभिमान कमी होतो का? आम्हाला उलट वाटतं. त्या वहीत तगरचं नाव वाईन पिणारं गाव म्हणून आलेलं नाही, कापड विणणारं गाव म्हणून आलं आहे. कल्याण बंदर जवळ असताना हे कापड महिनाभर गाडीवाटेनं भरूचला का जायचं? पेरिप्लस सांगतो, की त्या काळी कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जात. राजांच्या भांडणाची किंमत विणकर आणि गाडीवानांनी मोजली. राजाच्या पेल्यातली वाईन आपल्याला दिसते. तिच्या बदल्यात गेलेलं सूत दिसत नाही, कारण सूत कुजतं आणि खापर टिकतं. पुरावा टिकाऊ वस्तूंच्या बाजूनं झुकलेला असतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

आज शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या बाजूला, सांजोवेझे ही इटलीचीच तांबड्या वाईनची द्राक्षं पिकतात. धाराशिवचा शेतकरी खायच्या द्राक्षांत मुरलेला आहे. उद्या कुणी 'रोमन वाईनचं तगर' अशी पाटी लावेल. लावू द्या, पण तिच्याखाली पुरावा हवा.

आणि तो पुरावा अजून गावाखाली आहे. पांढरीची माती घराला, शेताला उपसली जाते, तेव्हा खापर हाती येतं पण त्याचा थर जातो. थर गेला की खापर मुकं होतं: कुठल्या काळचं, कशाबरोबर पडलेलं, काही सांगत नाही. म्हणून तेर परिसरातल्या श्रोत्यांना एवढंच सांगणं आहे. माती काढताना काही लागलं तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा आणि संग्रहालयाला कळवा. वाईन आली होती की नाही, ते तोच तुकडा सांगेल.