भातुकलीचा पुरावा: दोन सेंटिमीटरच्या भाकरीपासून प्रवरेच्या काठापर्यंत

१/ बाहुलीघराच्या ताटात मावणारी एक भाकरी. व्यास दोन सेंटिमीटर, कडा किंचित चिरलेल्या, पृष्ठभागावर तव्याचे करपट ठिपके. शेजारी पिठले, ठेचा, फोडलेला कांदा. सर्व काही पॉलिमर क्लेचे. हा छंद आज महाराष्ट्रातही रुजला आहे. त्यातून इतिहासाचा एक प्रश्न उभा राहतो: लहान स्वयंपाकघराचा कोणता अंश काळाच्या ओघात टिकतो आणि कोणता हरवतो?

२/ प्रथम प्रमाण. बाहुलीघरांचे रूढ प्रमाण एकास बारा, म्हणजे चोवीस सेंटिमीटरची भाकरी दोन सेंटिमीटरची होते आणि सहा मिलिमीटरचे भाताचे शीत अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणून कारागीर क्लेची केसासारखी बारीक वळी करून तिचे तुकडे पाडतात. भाकरीचा खरबरीतपणा दात घासण्याच्या जुन्या ब्रशने उठवतात, करपटपणा रंगखडूच्या भुकटीने आणतात, तर्रीची चकाकी वार्निशने.

३/ नावात क्ले असले तरी ही माती नव्हे. पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे द्रव्य यांचे हे मिश्रण साधारण ११० अंश सेल्सियसला भाजले की कायमचे कडक होते. त्याचा जन्मही बाहुल्यांच्याच घरातला. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूस यांची कन्या फिफी हिने या द्रव्यावर प्रयोग केले. पुढे एबरहार्ड फाबर कंपनीने ते विकत घेतले आणि १९६६ च्या सुमारास 'फिमो' या नावाने बाजारात आणले.

४/ युरोपातील बाहुलीघर मात्र आरंभी मुलांचे खेळणे नव्हतेच. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेश्ट याने १५५७-५८ मध्ये करवून घेतलेले घर हे दरबारी वैभवाचे प्रदर्शन होते. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन हिचे सतराव्या शतकाच्या अखेरीचे घर आज राइक्सम्यूझियममध्ये आहे. ती एका धनिक प्रौढ स्त्रीची हौस होती. नवी दिल्लीचे वास्तुकार लट्येन्स यांनी राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर उभारले, तेही एकास बारा प्रमाणाचेच. ही घरे पाहण्यासाठी होती. त्यांतले अन्न कोणी खाणार नव्हते.

५/ महाराष्ट्राची भातुकली नेमकी याच्या उलट आहे. चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणे, पाटा-वरवंटा, जाते, घागर, कळशी, बंब अशी सारी भांडी खोटी. पण त्यांतला खाऊ खरा. चुरमुरे म्हणजे भात, गुळाचे पाणी म्हणजे आमटी, दाण्याचा कूट म्हणजे भाजी. खेळ संपला की पंगत बसे आणि सारा स्वयंपाक फस्त होई. तिकडे अन्नाची प्रतिकृती होती. इकडे प्रतिकृती होती ती स्वयंपाकाच्या कृतीची.

६/ इतिहासकाराची अडचण येथूनच सुरू होते. भातुकलीचे अन्न खाल्ले गेले. मातीची बोळकी फुटली. तांब्यापितळेची भांडी जुनी झाली की मोडीत गेली आणि त्या धातूची दुसरी भांडी झाली. लाकडी पोळपाटाला वाळवी लागली. घराघरांत खेळल्या गेलेल्या या खेळाचा मागे उरलेला पुरावा म्हणूनच इतका तुटपुंजा आहे.

७/ अन्नाची प्रतिकृती टिकली तर काय घडते, हे इजिप्तमध्ये दिसते. इसवी सनापूर्वी सुमारे १९८० मधील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली हर्बर्ट विनलॉक यांना लाकडी प्रतिकृतींचा साठा सापडला. त्यात धान्याचे कोठार आहे, भट्टी आहे, मद्य गाळण्याची जागा आहे. कोरड्या हवेने ते राखले. मात्र ही खेळणी नव्हेत. मृताला परलोकी अन्न मिळत राहावे म्हणून केलेली ती तजवीज आहे.

८/ हाच इशारा अहिल्यानगर जिल्ह्यातही उपयोगी पडतो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि नेवासा ही तिन्ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे प्रवरेच्या काठची. १९७४ मध्ये दायमाबादला झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. प्रथमदर्शनी त्या चाकांच्या खेळण्यांसारख्या भासतात. पण चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक भरते. हे मुलाच्या हातचे खेळणे नव्हे. त्यांच्या काळाविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.

९/ जोर्वे संस्कृतीत (इ.स.पू. सुमारे १४०० ते १०००) लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरत असत. दोन घटांची तोंडे एकमेकांस भिडवून त्यांत देह ठेवला जाई. सोबत वाडगे, तोटीचे भांडे असे, बहुधा अन्नपाण्यासाठी. त्या वाडग्यातले अन्न केव्हाच मातीत मिसळले, वाडगा उरला. मुलाशेजारी सापडलेले प्रत्येक भांडे भातुकलीचे नसते, आणि लहान वस्तू म्हणजे खेळणे असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

१०/ भातुकलीकडेही निव्वळ गोड आठवण म्हणून पाहणे अपुरे ठरेल. तो घरकामाचा पहिला धडा होता. मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला. त्यापूर्वी अनेक मुलींच्या बाबतीत खोटी चूल आणि खरी चूल यांत मोजकीच वर्षे असत. याच जिल्ह्याच्या ठाण्यात, नगरात, सिंथिया फॅरार यांनी १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवल्या. चुलीपलीकडचे आयुष्य मुलींसमोर ठेवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता. भातुकलीचा इतिहास लिहायचा तर तो बालपणाचा आणि त्या बालपणाच्या अल्प मुदतीचाही लिहावा लागेल.

११/ आता दोन सेंटिमीटरच्या भाकरीकडे परत येऊ. पीव्हीसी मातीत सहज कुजत नाही. प्रवराकाठच्या उत्खननात भांडे मिळते, अन्न मिळते ते जळलेल्या दाण्यांच्या रूपात. उद्याच्या उत्खननात कदाचित अखंड भाकरी, पिठले आणि फोडलेला कांदा मिळेल. कारागिराच्या बोटाचा ठसाही त्यावर असेल.

१२/ तो पुरावा आकाराविषयी अचूक असेल आणि चवीविषयी मुका. शिवाय त्या भाकरीवरून उद्याच्या संशोधकाला एवढेच कळेल की ती कोणी खाल्ली नाही. भातुकलीची भाकरी मात्र खाल्ली गेली, म्हणूनच ती सापडत नाही. घरातल्या आज्या, पणज्या ती कशी आणि कशाची करत, हे त्यांना विचारून आजच लिहून ठेवणे, हाच तिचा टिकणारा पुरावा.