आगाखानांचे पाचशे पौंड

जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या ओव्यात हल्ली विमानांच्या गप्पा निघतात. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली, आणि नोकऱ्या, घरभाडी, जागांचे भाव हे सगळं विमानाभोवतीच फिरू लागलं. (विमानतळासाठी उठवलेल्या गावांत वरचे ओवळे होतं. आमचं ओवे वेगळं. परगावच्या नातेवाइकांचा हा घोळ काही मिटत नाही.) या गप्पांत एखादा तरुण हमखास विचारतो, या विमानांच्या इतिहासात आपलं कुणी होतं का? त्याच्यासाठी हे लिहितो आहे. मात्र नाव सांगितलं की तो थोडा अडखळेल.

ते नाव सर सुलतान महंमद शाह, तिसरे आगाखान. जन्म 1877 चा, कराचीतला, बालपण मुंबई-पुण्यात. मराठी माणसाला ते ठाऊक असतात ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमुळे, जिथे गांधीजींना कैदेत ठेवलं आणि कस्तुरबांनी प्राण सोडला. ज्याने राजकारण वाचलं आहे त्याला ते मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष म्हणून माहीत असतात, विभक्त मतदारसंघ मागणारे. दोन्ही खरं आहे. तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

नोव्हेंबर 1929 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एक छोटी बातमी आली. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट दिशेने, एकट्याने विमान उडवत सहा आठवड्यांच्या आत जो पहिला हिंदी माणूस जाईल, त्याला आगाखान पाचशे पौंड देणार. मुदत जानेवारी 1930 पासून एक वर्षाची. अट राष्ट्रीयत्वाची होती, धर्माची नव्हती. तेव्हा भारतीय हवाई दलही नव्हतं. ते स्थापन झालं 8 ऑक्टोबर 1932 ला. हिंदी माणूस विमान चालवू शकतो, हे अजून सिद्ध करून दाखवायचं होतं.

ही स्पर्धा ज्या विमानावर झाली ते जिप्सी मॉथ. डी हॅविलंड कंपनीचं दोन आसनांचं, दुहेरी पंखांचं, उघडं विमान. सांगाडा लाकडाचा, त्यावर कापड ताणून बसवलेलं आणि कापडावर लेप, म्हणजे ते घट्ट राहावं. इंजिन साधारण शंभर अश्वशक्तीचं. ब्रेक नाहीत, रेडिओ नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी नदी किंवा रेल्वेचे रूळ. पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते मोटारीसारखं घराच्या आवारात ठेवता येई. किंमत सुमारे साडेसहाशे पौंड! म्हणजे बक्षिसाच्या रकमेत विमानही येत नव्हतं. हौस आणि पैसा दोन्ही असलेल्यांचाच हा खेळ होता, हे लपवण्यात अर्थ नाही. खुद्द आगाखानांच्या ‘ब्लेनहाइम’ घोड्याने त्याच 1930 साली इंग्लंडची डर्बी जिंकली. पाचशे पौंड त्यांना जड नव्हते.

तिघे उतरले. रावळपिंडीचा मनमोहन सिंग, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर आणि मुंबईचे जे. आर. डी. टाटा, ज्यांना फेब्रुवारी 1929 मध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला होता, क्रमांक एकचा. एक शीख, दोन पारशी. मनमोहन सिंगने विमानाला ‘मिस इंडिया’ नाव दिलं. तो सारखा वाट चुके, तेव्हा इंग्रजी पत्रकारांनी थट्टा केली की याचा हिंदुस्थान हुकणारच. तो शेवटी पोहोचला, पण मुदत उलटून.

अस्पी आधी आर. एन. चावलांबरोबर कराचीहून इंग्लंडला उडत गेला होता. आता तो तिथून एकटा परतत होता. जेआरडी 3 मे 1930 ला कराचीहून उलट दिशेने निघाले. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीरच्या हवाई तळावर. अस्पी तिथे अडकून पडला होता, इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींकडे जादा होते. प्लग दिले नसते तर स्पर्धा जवळजवळ त्यांच्या खिशात होती. त्यांनी दिले. अस्पी कराचीला उतरला आणि काही तासांच्या फरकाने जेआरडी हरले. तोच अस्पी पुढे हवाई दलात गेला आणि 1960 ते 1964 हवाई दलप्रमुख होता.

प्लगची ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, आणि सांगावीच. पण ती ज्या स्पर्धेत घडली त्या स्पर्धेच्या धन्याचं नाव मात्र एका शब्दात उरकतात. ‘आगाखान करंडक’ म्हणावं तसं. मला हे खटकतं. त्याच 1930 च्या नोव्हेंबरात हे गृहस्थ गोलमेज परिषदेत मुसलमानांची बाजू मांडायला बसले होते. त्या राजकारणाशी मी सहमत नाही, आणि बक्षिसाचं चुंबकपाणी शिंपडून ते धुऊनही काढत नाही. पण तेच हात दुसरीकडे धर्म न विचारता बक्षीस देत होते. आपल्याकडे माणसाचं एकच पान फाडून भिंतीवर लावायची सवय आहे. कधी आपले लोक लावतात, कधी समोरचे.

15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टपाल घेऊन पस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, मग टपालाची विमानं पुण्याला उतरत. ती चिमुकली विमानं टिकली नाहीत. आपल्या दमट हवेत लाकूड आणि कापड किती वर्षं राहणार? बरोबर पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी तोच मार्ग पुन्हा उडाले तेव्हा विमान लेपर्ड मॉथ होतं. आणि कराची, जिथून ते निघाले आणि जिथे आगाखान जन्मले, तोवर दुसऱ्या देशात गेली होती.

आगाखान 1957 मध्ये वारले. त्यांची कबर इजिप्तमध्ये आहे, नाईलकाठी अस्वानला.